‘व्हाइट ड्वार्फ’ मासिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण जुन्या ब्रिटिश मासिकांनी भरलेला आहे. पाहुणे येतात, चहा होतो, कोणीतरी एक अंक उपसून बाहेर काढतं आणि मुखपृष्ठावरचा कुऱ्हाडवाला दाढीधारी बघून विचारतं, “हे काय गं?” मग पुढचा अर्धा तास माझा. तीच ती उत्तरं इतक्या वेळा दिलीत की आता एकदाची लिहूनच ठेवते. प्रश्न बहुतेक लोकांनी विचारलेले, थोडे भाच्याचे, आणि त्यातला सगळ्यात चांगला सासूबाईंचा.

हे मासिक नक्की कशाचं आहे?

टेबलावर बोटभर उंचीच्या रंगवलेल्या सैनिकांच्या फौजा समोरासमोर मांडायच्या, टेपने अंतर मोजत त्यांना पुढे सरकवायचं आणि कोण मेलं, कोण वाचलं ते फासे टाकून ठरवायचं, असा हा छंद आहे. त्याला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. काही लोक नेपोलियनच्या लढाया खेळतात, काही दुसऱ्या महायुद्धाच्या. ‘व्हाइट ड्वार्फ’मधल्या फौजा मात्र कल्पित जगातल्या असतात. त्यात बुटके, एल्फ, ऑर्क असतात, दोन पायांवर चालणारे कारस्थानी उंदीर असतात आणि हजारो वर्षांनंतरच्या भविष्यातले, अंगावर कपाटाएवढं चिलखत चढवलेले स्पेस मरीनही असतात.

मासिक गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचं आहे. पहिला अंक जून १९७७ मध्ये निघाला आणि २०२४ मध्ये पाचशेवा. अंकात नव्या मूर्तींचे फोटो, रंगवण्याचे धडे, खेळल्या गेलेल्या लढायांची वर्णनं, नियमांची भर, गोष्टी आणि वाचकांनी रंगवलेल्या फौजा असतात.

‘पांढरा बुटका’? हे काय नाव झालं?

नावात श्लेष आहे. खगोलशास्त्रात जळून संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याला ‘व्हाइट ड्वार्फ’ म्हणतात, मराठीत श्वेतबटू. आणि ड्वार्फ म्हणजे परीकथेतला, डोंगराच्या पोटात खाणी खणणारा बुटका. एका नावात विज्ञानकथाही आली आणि अद्भुतकथाही, कारण मासिकाला दोन्हीकडचे वाचक हवे होते. पुढे खेळाच्या जगात ग्रोम्ब्रिंडल नावाचा एक पांढऱ्या दाढीचा बुटका वीरच उभा केला गेला. खास प्रसंगी त्याची मूर्ती निघते. म्हणजे आधी मासिक आलं आणि मग त्याच्या नावाला साजेसा नायक.

सुरुवात कोणी केली?

तीन मित्रांनी: इयान लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक. (अमेरिकेत याच नावाचा दुसरा एक स्टीव्ह जॅक्सन आहे आणि तोही खेळच बनवतो. यावरून जन्मभर घोळ घालणारे लोक मी पाहिलेत.) १९७५ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमधून कंपनी सुरू झाली. पीक खेळांचे लाकडी पट तयार करायचा आणि बाकीचे दोघे विकायचे. जोडीला त्यांनी ‘आउल अँड वीझल’ नावाचं एक पातळसं वार्तापत्र सुरू केलं.

त्याचा एक अंक अटलांटिक ओलांडून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ काढणाऱ्या गॅरी गायगॅक्सच्या कंपनीपर्यंत पोचला. खेळ नुकता, १९७४ मध्ये, आलेला होता. या पोरांनी खिशाला परवडतील तेवढ्या, म्हणजे सहा प्रती मागवल्या आणि तेवढ्यावर त्यांना सगळ्या युरोपातल्या विक्रीचे हक्क मिळून गेले! पीकचा जीव लाकडी पटांत होता, या नव्या प्रकारात तो रमला नाही आणि बाहेर पडला. उरलेल्या दोघांना फ्लॅट सोडावा लागला, तेव्हा ते काही महिने व्हॅनमध्ये झोपायचे. आंघोळीची सोय व्हावी म्हणून त्यांनी स्क्वॉश क्लबचं सभासदत्व घेतलं होतं.

वार्तापत्राचे पंचवीस अंक निघाल्यावर त्याच्या जागी खरंखुरं, चकचकीत कव्हरचं मासिक काढायचं ठरलं. म्हणायचं मासिक, पण आधी ते दर दोन महिन्यांनी निघायचं. पहिल्या अंकाच्या चार हजार प्रती छापल्या, किंमत पन्नास पेन्स. कंपनीचं पहिलं दुकान हॅमरस्मिथला १९७८ मध्ये उघडलं, म्हणजे दुकानाच्या आधी मासिक होतं.

तेव्हाच्या अंकांत काय असायचं?

सगळ्यांचं सगळं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, ‘रुनक्वेस्ट’, ‘ट्रॅव्हलर’ हे सगळे दुसऱ्या कंपन्यांचे खेळ. त्यांच्यावर लेख, तयार साहसं, परीक्षणं. डेव्ह लँगफर्ड पुस्तकांवर सदर लिहायचा आणि ते आजही वाचवतं. कार्ल क्रिचलोची ‘थ्रड द बार्बेरियन’ ही चित्रपट्टी होती. थ्रडचं धड रेड्याचं आणि डोकं लिंबाएवढं. त्याला बघूनच हसू येतं.

पण माझं आवडतं सदर ‘फीन्ड फॅक्टरी’. वाचकांनी राक्षस कल्पून पाठवायचे, संपादकाने निवडून छापायचे. एवढंच. १९७९ च्या बाराव्या अंकात चार्ल्स स्ट्रॉस नावाच्या शाळकरी मुलाने पाठवलेली एक जमात छापून आली. पिवळट कातडीचे, चांदीच्या तलवारी घेऊन परिमाणांच्या पलीकडे भटकणारे गिथयांकी. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, या सदरातले बरेच राक्षस एकत्र करून गायगॅक्सच्या कंपनीने ‘फीन्ड फोलिओ’ हे पुस्तक काढलं आणि त्याच्या मुखपृष्ठावर गिथयांकी बसला. स्ट्रॉस पुढे मोठा विज्ञानकथालेखक झाला. आणि भाचेमंडळी २०२३ पासून ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम खेळतायत, त्यातली ती कायम तणतणणारी लेझेल? ती गिथयांकीच. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या कपाटाकडे आदराने बघायला लागला.

मग बिघडलं कुठे? जुने वाचक हळहळत असतात, ते कशासाठी?

मूर्ती बनवणारी सिटाडेल मिनिएचर्स ही गेम्स वर्कशॉपच्या गोतावळ्यातली कंपनी, ब्रायन अॅन्सेलने उभी केलेली. १९८३ मध्ये अॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी ‘वॉरहॅमर’ हा खेळ आणला. त्यामागचा हिशेब सरळ होता. दुसऱ्यांच्या खेळात गिऱ्हाइकाला चार-पाच मूर्ती पुरतात. लढाईचा खेळ आपलाच असला, तर तो शंभर विकत घेईल. झालंही तसंच. बघता बघता मूर्तींचा धंदा बाकी सगळ्यापेक्षा मोठा झाला, अॅन्सेलच्या हाती गेम्स वर्कशॉपची सूत्रं आली आणि कारभार लंडनहून नॉटिंगहॅमला हलवायचं ठरलं.

लिव्हिंगस्टनने पहिले ७४ अंक संपादित केले होते. तो १९८६ मध्ये बाजूला झाला. लंडनच्या संपादक मंडळींपैकी बहुतेकांना नॉटिंगहॅमला जायचं नव्हतं. निघता निघता त्यांनी ७७ व्या अंकात हिशेब चुकता केला. मजकुराच्या ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचत गेलं, की नव्या मालकाला उद्देशून ‘चालता हो, ब्रायन अॅन्सेल’ अशा अर्थाचा निरोप निघायचा, आणि मूळ इंग्रजी शब्द याहून झोंबरे. आपल्याकडे निरोप समारंभात नारळ देतात. तिकडे हे.

१९८७ मध्ये प्रीस्टलीचा, भविष्यातल्या लढायांचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ आला आणि १९८८ च्या शंभराव्या अंकाच्या आसपास मासिकातून इतर कंपन्यांचे खेळ जवळजवळ हद्दपार झाले. छंदाचं मासिक एका कंपनीचं मासिक झालं. हळहळ आहे ती याची. आधी वाचक राक्षस पाठवायचे, आता कंपनी पाठवायला लागली.

म्हणजे आता तो निव्वळ कॅटलॉगच ना?

थोडाफार आहे, नाही कसं म्हणू. नवी मूर्ती ज्या महिन्यात बाजारात येते, नेमकी त्याच महिन्यात ती अंकातल्या लढाईत पराक्रम गाजवते, हे माझ्याही लक्षात आलंय. एखाद्या मूर्तीबद्दल ‘ही जरा फसलीच’ असं वाक्य मला गेल्या तीस वर्षांच्या अंकांत दिसलेलं नाही. तटस्थ परीक्षण हवं असेल तर ते इथे शोधू नका.

पण कॅटलॉग वाचून कोणी फेविकॉल आणायला धावत नाही. हे मासिक वाचल्यावर हात शिवशिवतात. आपण केलेलं काहीतरी टेबलावर उभं राहावंसं वाटतं. मला वाटतं, वाचकांचा जो वाटा पानांतून गेला, तो असा दुसऱ्या वाटेने परत आला. ‘फीन्ड फॅक्टरी’ बंद झाली, पण वाचकांनी रंगवलेल्या फौजांचे फोटो छापून येतच राहिले. १९८७ पासून ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा भरते, तिचे निकाल छापतात. सर्वोत्तम ठरणाऱ्याला खरीखुरी तलवार देतात, स्लेयर सोर्ड. बोटाएवढ्या मूर्तीसाठी हातभर तलवार!

‘मिनिएचर’ म्हणजे जत्रेतले प्लास्टिकचे सैनिक?

जत्रेतला सैनिक साच्यातून तयार निघतो आणि हिरवाच राहतो. इथे मूर्ती सुट्या भागांत येते. एका प्लास्टिकच्या चौकटीला हात, पाय, डोकी, बंदुका चिकटलेल्या असतात. ती स्प्रू. भाग निप्परने कापायचे, साच्याच्या जोडाची रेघ ब्लेडने खरवडायची, चिकटवायचं, रंगवायचं. माणसाची मूर्ती साधारण २८ मिलिमीटर मापाची असते. डोकी आणि हात मात्र मुद्दाम मोठे करतात, नाहीतर टेबलापलीकडून चेहरा दिसणारच नाही. गणपतीच्या मूर्तिकाराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पूर्वी मूर्ती शिशाच्या असायच्या. १९९० च्या दशकात शिसं काढून दुसरा मिश्रधातू आला. २०११ मध्ये ‘फाइनकास्ट’ नावाचं रेझिन आलं, त्यात बुडबुड्यांची भोकं फार निघायची. आता मुख्यतः प्लास्टिक. जुनी शिशाची मूर्ती हातात घेतली की वजन जाणवतं, छान वाटतं. पण हात धुवा आणि लहान मुलांपासून ती लांब ठेवा.

खेळ प्रत्यक्षात कसा चालतो? एखादं उदाहरण द्या.

मैदान पूर्वापार सहा बाय चार फुटांचं. माझं जेवणाचं टेबल त्याहून आखूड, म्हणून खाली प्लायवूडचा तुकडा टाकते. समजा, जुन्या नियमांनी खेळताना माझे स्पेस मरीन भाच्याच्या स्पेस मरीनांवर गोळ्या झाडतायत (बंडखोरी या जगात नेहमीचीच). बंदुकीचा पल्ला चोवीस इंच. टेप लावला, तेवीस भरले. चालेल.

मी दहा फासे टाकते. तीन किंवा वर आला की नेम लागला. सरासरीने सहा-सात लागतात. लागलेले फासे उचलून पुन्हा टाकायचे. बंदुकीची ताकद चार आणि समोरच्याचा चिवटपणाही चार, म्हणून आता चार किंवा वर हवा. तीन-एक उरतात. हे तीन फासे आता भाच्याच्या हातात. त्याला चिलखताची परीक्षा द्यायची असते, तीन किंवा वर आला तर गोळी चिलखतावरून घसरली. दोन घसरतात, एक आरपार जाते. म्हणजे दहा गोळ्या, वीसेक फासे, टेबलाखाली गडगडलेला एक फासा शोधण्यात गेलेली दोन मिनिटं, आणि मेला किती? एक. सरासरीने एकच.

बाहेरच्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं, मान्य. पण तो तिसरा फासा भाच्याच्या मुठीत असतो तेव्हा आमच्या घरात कोणी बोलत नाही. वनडेच्या शेवटच्या षटकातही आमच्याकडे इतकी शांतता नसते.

अंकातलं आधी काय वाचावं?

बॅटल रिपोर्ट. याबाबतीत माझं मत ठाम आहे.

बॅटल रिपोर्ट म्हणजे दोन खेळाडूंनी प्रत्यक्ष खेळलेल्या लढाईची साद्यंत हकिकत. आधी दोघंही आपापली फौज का निवडली ते सांगतात. माझा बेत असा आहे, घोडदळ डाव्या डोंगराआडून काढणार, तोफ टेकडीवर. मग वरून पाहिल्यासारखा मैदानाचा नकाशा, त्यावर तुकड्यांचे चौकोन आणि बाण. मग फेरीमागून फेरी: कोण कुठे सरकलं, कोणाचा धीर सुटून कोण पळालं, तोफ कशी फुटली. तोफ फुटतेच, जुन्या वॉरहॅमरमध्ये तर हमखास. आणि शेवटी दोघांचे आपापले निष्कर्ष.

यातली गंमत आपल्याला लवकर कळावी, कारण आपण बखरींवर वाढलेले लोक. बखरकाराला पक्ष असतो. बॅटल रिपोर्टमध्ये एकाच लढाईच्या दोन बखरी शेजारी शेजारी छापलेल्या असतात. हरलेला म्हणतो, फाशांनी दगा दिला. जिंकलेला म्हणतो, माझा व्यूहच तसा होता. नकाशा मधे असतो, खरं काय ते वाचकाने ठरवायचं. मी कॉलेजात असताना हरलेल्याचा बेत वाचून पुढचं पान झाकायचे आणि तो कुठे चुकणार त्याचा अंदाज बांधायचे. युद्धनीती काही आली नाही. पण ‘बेत’ आणि ‘फाशांचं दान’ यात फरक करायची सवय मात्र लागली.

रंगकाम शिकता येतं का? चित्रकला येत नाही हो.

मलाही येत नाही. मासिकात ‘एव्ही मेटल’ नावाने कंपनीच्या रंगाऱ्यांचं काम छापतात. ते बघून आधी धीर खचतो. त्याकडे काही दिवस बघूच नका. टप्प्याटप्प्यांचे धडे असतात ते उघडा.

मूर्तीवर आधी प्रायमरचा फवारा. मग मूळ रंग, पाण्याने पातळ करून दोन हात. एकच जाड थर दिला तर चेहऱ्याचे बारकावे भरून जातात आणि सैनिक गोवर उठल्यासारखा दिसतो. मग पाणचट काळा किंवा तपकिरी रंग वरून सोडायचा. तो खाचांत उतरतो आणि सावल्या आपोआप पडतात. याला वॉश म्हणतात आणि निम्मी जादू त्यातच आहे. शेवटी ब्रशवरचा रंग जुन्या फडक्याला जवळजवळ पुसून, कोरडा ब्रश कडांवरून हलकेच फिरवायचा. उंचवटे उजळतात. मूर्ती धरायला औषधाच्या बाटलीचं बूच घ्या.

एक गोष्ट ब्रिटिश मासिक पुरेशी सांगत नाही: आपला पावसाळा. मी एका जुलैत गच्चीवर, पाऊस थांबलाय बघून, वीस सैनिकांवर पांढऱ्या प्रायमरचा फवारा मारला. दमट हवेत तो नीट बसलाच नाही. सगळ्या फौजेवर साबुदाण्यासारखी कणी उठली. आठवडाभर टूथब्रशने घासत बसले होते. जून ते सप्टेंबर प्रायमर ब्रशनेच लावा.

आणि जुने अंक वाचणाऱ्यांसाठी: २०१२ मध्ये सिटाडेलने रंगांची नावं बदलली. जुन्या धड्यात ‘गॉब्लिन ग्रीन’ म्हटलं असेल तर आजचा ‘वॉरबॉस ग्रीन’ घ्या, ‘केऑस ब्लॅक’ म्हणजे ‘अॅबडॉन ब्लॅक’, ‘स्कल व्हाइट’ म्हणजे ‘व्हाइट स्कार’. ‘स्नॉट ग्रीन’, म्हणजे शेंबडी हिरवा, हे नाव गेल्याचं दुःख मला अजून आहे.

“हे आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यासारखंच ना गं?”

सासूबाईंचा प्रश्न. आणि हो, आई, अगदी तसंच.

पंचवीस वर्षं हा छंद लोकांना समजावून सांगताना मी शब्द शोधत होते, आणि त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. विटा आणि दगड रचायचे, त्यावर ओलं गोणपाट, वर चिखल थापायचा, बुरुजाला गेरू, उतारावर हळीव पेरायचे म्हणजे चार-पाच दिवसांत गवत उगवतं. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, खाली बाजारपेठ आणि गुहेत वाघ. त्या मातीच्या मूर्तींना पुण्यात ‘चित्रं’ म्हणतात. आमच्या किल्ल्यावरचा वाघ चार मावळ्यांएवढा होता, पण त्याची कोणाला फिकीर नव्हती.

‘व्हाइट ड्वार्फ’मधली मैदानं याच डोक्यातून निघालेली आहेत. थर्माकोल कापून टेकडी करायची, पांढरा गोंद फासून वाळू भुरभुरायची, वाळली की तपकिरी रंग आणि कोरडा ब्रश. टूथपिकांचं कुंपण. ‘वॉरहॅमर ४०,०००’ नवीन होता तेव्हा रणगाड्यांच्या मूर्ती बाजारात फारशा नव्हत्या. तर वाचकांना शिकवलं काय, की डिओडरंटची रिकामी डबी घ्या, तिला इकडचे तिकडचे तुकडे चिकटवा, झाला तुमचा उडता रणगाडा! तो डिओडरंटचा रणगाडा या छंदातल्या जुन्या लोकांच्या प्रेमाचा विषय आहे. त्याच कंपनीने पुढे रणगाडे विकायला काढले, आणि मग डबीपासून रणगाडा करायचे धडे आटले. कॅटलॉगबद्दलची माझी तक्रार खरं तर ही आहे.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी भाच्याने किल्ल्याच्या माचीवर दोन ऑर्क नेऊन ठेवले. सासूबाईंनी बघितलं, एक मावळा उचलून त्यांच्या मागे ठेवला, आणि आत निघून गेल्या.

बुद्धिबळ आणि हे, नातं काय?

लांबचं, पण खरं. भारतातलं चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं: हत्ती, घोडे, रथ, पायदळ. तेही पटावरचं युद्धच. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या लष्करात राइसविट्झचा ‘क्रीगश्पील’ आला, त्यात घरांचा पट जाऊन नकाशा आला आणि फासे आले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने खेळण्यातले सैनिक घेऊन जमिनीवर खेळायचे नियम छापले. १९७१ मध्ये ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमावलीला ड्रॅगन आणि जादूगारांची पुरवणी जोडली गेली, तिच्यातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला. बाकी वर आलंच आहे. बुद्धिबळात नशीब नाही, इथे आहे. ज्यांना ते खपत नाही त्यांनी बुद्धिबळच खेळावं.

मधे ते साप्ताहिक झालं होतं का?

हो. फेब्रुवारी २०१४ पासून पातळ साप्ताहिक, आणि सोबत ‘वॉरहॅमर: व्हिजन्स’ नावाचं नुसत्या फोटोंचं मासिक. सप्टेंबर २०१६ मध्ये पुन्हा मासिक. त्या काळातलं काही जपून ठेवावं असं मला सापडलं नाही.

याच विषयाची दुसरी मासिकं?

ऐतिहासिक लढायांत रस असेल तर १९८३ मध्ये सुरू झालेलं ‘मिनिएचर वॉरगेम्स’ आणि १९८७ मधलं ‘वॉरगेम्स इलस्ट्रेटेड’. सुरुवातीला ती कोणा एका कंपनीशी बांधील नव्हती, त्यामुळे पानं कमी झगमगीत आणि मतं जास्त मोकळी.

जुने अंक कुठून सुरू करावेत?

१९७७ पासून क्रमाने वाचायला बसू नका, दमाल. राक्षस आणि खेळकरपणा हवा असेल तर ऐंशीच्या दशकाचा पूर्वार्ध. ‘वॉरहॅमर ४०,०००’ जन्माला येताना बघायचं असेल तर १९८७ च्या शरद ऋतूतले ९३ च्या आसपासचे अंक. बॅटल रिपोर्टसाठी मी नव्वदचं दशक सुचवेन. तेव्हा नकाशे स्वच्छ होते आणि लोक हरल्याचं मोकळेपणी कबूल करायचे. कागदी अंक मिळवणं खर्चिक आहे, पण कंपनीची ‘वॉरहॅमर प्लस’ ही वर्गणीची सेवा २०२१ पासून आहे, तिच्यात बरेच जुने अंक स्क्रीनवर वाचायला मिळतात.

फार महागडा छंद आहे म्हणे?

आहे. उगाच कशाला खोटं बोलू. पूर्ण फौजेच्या नादी लागलात तर फार. पण मासिक वाचायला फौज लागत नाही. मी पहिली तीन वर्षं एकही मूर्ती नसताना वाचत होते. खेळायचंच असेल तर ‘किल टीम’ किंवा ‘वॉरक्राय’सारखे छोट्या चकमकींचे खेळ बघा, दहाएक मूर्तींत भागतं. दोघांत मिळून एक खोका घ्या. शिकण्यापुरत्या लढाईला शर्टाची बटणंही चालतात, नियमांना फरक पडत नाही. आम्ही वर्षभर बटणांवर काढलंय, चार भोकांचं बटण म्हणजे सेनापती.

अंक जपायचे कसे?

चकचकीत कागद पावसाळ्यात एकमेकांना चिकटतो, आणि जुन्या अंकांच्या पिना गंजून मधली पानं सुटतात. उभे ठेवा, दाबून भरू नका, खणात कडुनिंबाचा पाला टाका, दिवाळीच्या साफसफाईत एकदा ऊन दाखवा. आणि खणाला कुलूप लावा. माझे लग्नाआधीचे चाळीस अंक आईने रद्दीवाल्याला घातले, किलोच्या भावाने. चकचकीत कागदाला भाव कमी मिळतो म्हणून तिने वर त्याच्याशी घासाघीसही केली होती.